पॉइंट चार

वडिलांच्या आवाजामागे या वेळी कुणी नव्हतं. "कंट्रोल, पॉइंट चार. एक नंबर पास," एवढं बोलून त्यांनी बटण सोडलं आणि वायरलेसची खरखर परत आली. लतिका सवयीने "कॉपी, चार" म्हणाली, समोरच्या लाकडी फळीवरची एक नंबरची पत्र्याची चकती तिसऱ्या खिळ्यावरून काढून चौथ्या खिळ्याला अडकवली, आणि मग तिचा हात तिथेच राहिला. काहीतरी कमी होतं. चहात साखर कमी असली की पहिल्या घोटाला कळतं, तसं नव्हे. घरातला फ्रिज बंद पडला की जसं कळतं, तसं. आधी कान दचकतो, मग माणूस. दोन नंबरची गाडी आली, तेव्हा तिने हेडफोन कानावर दाबून धरला. वारा होता, वाऱ्यात वाळक्या गवताची सळसळ होती, मग वडिलांचा श्वास, मग तोच सरळ आवाज: दोन नंबर पास. मागे कोंबडी नाही, कुत्रं नाही, बाईचं हसणं नाही. बाई नव्हती. झुंबरबाई नव्हती. एवढं लक्षात आल्यावर खरं तर जिवाला बरं वाटायला हवं होतं, कारण कोडं सुटलं होतं. पण तिने हेडफोन कानावरून काढला नाही.

त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल त्यांना दर वर्षी कंट्रोल रूम म्हणून मिळायचा. आदल्या दिवशी तिथे कुणाचा तरी साखरपुडा झालेला असायचा. या वेळी भिंतीवर थर्माकोलची दोन अक्षरं तशीच राहिली होती आणि त्यांच्याखाली रॅलीचा नकाशा चिकटवलेला होता. हरसूलच्या पुढचा डोंगरातला रस्ता सकाळपासून बंद करायचा, त्यावर दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी सोडायची, आणि जी कमी वेळात पलीकडे जाईल ती जिंकली. गाड्या आपल्या बाजारातल्याच. तुमच्या आमच्या सोसायटीत उभ्या असतात त्याच; फक्त आतल्या सीट काढलेल्या, लोखंडी पिंजरा बसवलेला आणि मालकाच्या बायकोला खरा खर्च न सांगितलेला. बक्षीस घेताना फोटो चालकाचा येतो. पण तो रस्त्यावर असताना त्याला कुणीच बघत नसतं. वळणावळणाला बसलेली माणसं वायरलेसवर सांगतात, गेली; इकडे हॉलमध्ये कुणीतरी ऐकतं, गेली; आणि गेली म्हणजे जिवंत आहे, असा सगळा हिशोब. पाच पॉइंट, पाच खिळे, सहावा खिळा शेवटाचा. लॅपटॉपवर हे सगळं छान दिसलं असतं, विश्वेशने तसं दोनदा करूनही पाहिलं. पण फळी आणि चकत्या तिच्या वडिलांनी, शामसुंदरांनी सुरू केलेल्या होत्या, आणि शामसुंदरांनी सुरू केलेलं काही बंद करायचं म्हणजे देवळातली घंटा काढण्यासारखं होतं.

विश्वेश या रॅलीचा मुख्य अधिकारी. गंगापूर रोडला त्याचं टाइल्सचं शोरूम. वायरलेसवर तो इंग्रजीत बोलायचा आणि घाबरला की मराठीत यायचा, त्यामुळे डोंगरावरच्या पोरांना परिस्थिती किती गंभीर आहे हे भाषेवरूनच कळायचं. लतिका एरवी एका सीएकडे ऑडिटचं काम करायची आणि माणसांकडेही तसंच बघायची तिला खोड होती. विश्वेशच्या जमेला उत्साह, खर्ची दुसऱ्यांचे रविवार. प्रायोजक कंपनीचा माणूस, जो सकाळपासून इडलीच्या टेबलापाशी उभा राहून सगळ्यांना "ऑल गुड?" विचारत होता, त्याच्या जमेला फक्त टोपी. आणि शामसुंदर? त्यांचं पान तिने कधी उघडलंच नव्हतं. आपल्या घरचं ऑडिट आपण करत नाही, असा व्यवसायाचा नियमच आहे.

शामसुंदर नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. छापलेल्या कागदावरचा दोष शोधायचा, हे काम. आयुष्यभर त्यांनी नजर खर्चली आणि नजरेचाच अभिमान बाळगला. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पत्रिकेवरची शाई डावीकडे फिकी आहे, हे सांगितल्याशिवाय जेवायचे नाहीत. लतिकाची आई म्हणायची, या माणसापुढे मला दाखवायला आणलं तेव्हा यांनी मला बघितलं नाही, तपासलं. पॉइंट चारवर ते पहिल्या रॅलीपासून बसत आलेले. ती जागा अवघड. खालच्या वळणातून गाडी एकदम वर येते, धुरळ्यात नंबर जेमतेम क्षणभर दिसतो, म्हणून तिथे चांगल्या नजरेचा माणूस हवा. कुणी विचारलं की विश्वेश सांगायचा, चारवर काका आहेत, तिथली चिंता नाही. दिनेश, जो आता पाचवर बसायचा, तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मागच्या वर्षी त्याने सहाला नऊ म्हटलं होतं, तेव्हापासून सगळे त्याला 'सहा-नऊ' म्हणत आणि तो बिचारा हसून घेई.

झुंबरबाई त्या चारच्या वळणावरच्या पाड्यातली. तिचं घर रस्त्याच्या कडेला, अंगणातच शामसुंदरांची खुर्ची पडायची. ती त्यांना कोरा चहा द्यायची, सायेब म्हणायची, आणि गाड्यांची तिला भारी हौस. मागच्या वर्षी प्रत्येक वेळी वडिलांच्या आवाजाच्या जरा आधी, बटण दाबल्या दाबल्या, तिचा आवाज यायचा. "पिवळी हाय, सायेब." आणि मग वडील: सात नंबर पास. "तांबडी. लय जोरात हाय ती." आणि मग वडील: आठ नंबर पास. हॉलमध्ये सगळ्यांची करमणूक व्हायची. विश्वेशने तर म्हटलं होतं, काकांनी असिस्टंट ठेवली वाटतं. लतिकाही हसली होती. आदल्या दिवशी तपासणीच्या मैदानावर वडील तिला बरोबर घेऊन एकेका गाडीपाशी उभे राहायचे आणि कोणत्या नंबरला कोणता रंग ते पाठ करायचे, यालाही ती कौतुकाने हसली होती. या वयात केवढी शिस्त, असं तिने ऑफिसात सांगितलंसुद्धा होतं. आता हातात चार नंबरची चकती धरून ती उभी राहिली आणि ते दोन हसू एकमेकांशेजारी ठेवल्यासारखे तिला दिसले. बाई रंग सांगायची. वडील रंगावरून नंबर सांगायचे. म्हणजे मागच्या वर्षीच.

म्हणजे मागच्या वर्षीच दिसत नव्हतं, आणि काचबिंदूचं कळलं ते या श्रावणात. शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून ते कडेकडेने काळे करत आणले होते आणि मधे लहानसा ठिपका ठेवून म्हणाले होते, काकांना आता एवढं दिसतं. समोरचं दिसेल. बाजूने येणारं दिसणार नाही. गेलेलं परत येत नाही. परत येताना रिक्षात, द्वारकेच्या सिग्नलला वडील म्हणाले, समोरचं दिसतंय ना, मग झालं, आपल्याला काय मागे बघायचंय. विनोद चांगला होता, म्हणून ती हसली. त्यानंतर घरात ते पूर्वीसारखाच पेपर वाचत, मोठ्याने, छपाईच्या चुका काढत. फक्त दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. फक्त ताटातली उजवीकडची चटणी तशीच राहायची आणि ती म्हणायची, आज चटणी नको होती का, आणि ते म्हणायचे, नको होती. दिवाळीनंतर विश्वेशचा फोन आला, काका येणार ना चारवर, तेव्हा ते समोरच बसले होते. पेपर डोळ्यांसमोर होता, पण पान उलटायचे थांबले होते. लतिका म्हणाली, येणार की, त्यांच्याशिवाय कोण. पान उलटलं. त्या एका पान उलटण्याच्या आवाजासाठी तिने ते म्हटलं होतं. आई गेल्यापासून वर्षाचा हा एकच रविवार ते दाढी करून, जाकीट घालून, उजाडायच्या आत तयार होत. कुणाच्या वडिलांनी वर्षातून एकदा ताठ बसावं, यात इतरांचं काय जातं?

इतरांचं काय जातं, ते खिळ्यांवर लटकत होतं. पाच गेली, सहा गेली. प्रत्येक वेळी तिसऱ्याने सांगायचं, मग चौथ्याने, मग पाचव्याने दिनेशने, आणि चकत्या बिनबोभाट पुढे सरकत होत्या. ती स्वतःला समजावत होती की क्रमाने सोडलेल्या गाड्या क्रमानेच येतात, इंजिनाचा आवाज आला की पुढचा नंबर म्हणायचा, एवढं तर डोळे बांधूनही जमेल. आणि तेच तर ते करत असणार. हे सुचल्यावर तिला आधी हायसं वाटलं, मग नाही. जोवर सगळ्या येताहेत तोवर आंधळ्याची मोजणी आणि डोळसाची मोजणी सारखीच निघते. ऑडिटमध्ये अशी खाती तिने पाहिली होती. वर्षानुवर्षं बेरीज बरोबर येते, म्हणून आत कुणी बघत नाही.

पाड्यातली माणसं दिवाळीनंतर द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, बायकापोरं, कोंबड्या घेऊन. वळणावळणावरची घरं मग उन्हाळ्यापर्यंत कुडाला दोरी बांधून बंद. दर वर्षी रॅली त्याआधी व्हायची. या वर्षी प्रायोजकांना तारीख सोयीची नव्हती म्हणून पुढे ढकलली, आणि सकाळच्या बैठकीत विश्वेशने हा मुद्दा आपल्या जमेला मांडला होता की यंदा रस्त्यावर गर्दी अजिबात नाही, टोटली सेफ. कड्याच्या कडेला बसून गाडी घसरली की आरडाओरडा करणारी माणसं नाहीत, असा त्याचा दुसरा अर्थ होतो, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही. ती तेव्हा चकत्या पुसत होती.

निकिता आत आली ती फोन चार्जिंगला लावायला. तिचा नवरा तनय अकरा नंबरची गाडी चालवत होता, आणि शेजारच्या सीटवर रस्ता वाचून दाखवायला त्याची बहीण अपूर्वा. निकिताचा या प्रकरणावर राग होता, पण तो तिने लग्नात मिळालेल्या भांड्यांसारखा वापरात न आणता ठेवला होता. ती प्लगपाशी वाकून लतिकाला म्हणाली की दोघं भावंडं आठवडाभर जेवताना वळणंच बोलत होती, डावं तीन, उजवं चार, मी मधे आमटी वाढतेय. लतिका हसली. त्याच वेळी तिसऱ्याने सांगितलं, अकरा पास. तिने चकती तिसऱ्या खिळ्याला लावली, आणि का कोण जाणे, घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्या खिळ्यावर चकती जरा जास्तच वेळ राहिली. फार नव्हे. घाटात एखादा गाडी जपून चालवणारा असतो, एखाद्याला तीनच्या पुढे गिअर सापडत नाही. मग तिसऱ्याने बारा पास म्हटलं, म्हणजे आता अकरा आणि बारा दोन्ही एकाच खिळ्यावर, एकीवर एक. हे व्हायला नको असं नाही, पण होत नाही. हॉलमध्ये कुणाचं लक्ष नव्हतं. विश्वेश बक्षीस समारंभाच्या फुलांबद्दल फोनवर कुणाला तरी झापत होता. मग वडिलांचा आवाज आला, आणि तिने तो कधी ऐकला नव्हता असा ऐकला: "कंट्रोल, पॉइंट चार." मधे थोडी जागा. "अकरा नंबर पास." त्या मधल्या जागेत एखादा माणूस उभा राहून परत जाऊ शकला असता. तिने कॉपी म्हटलं. अकराची चकती चौथ्या खिळ्यावर गेली. निकिताने ते पाहिलं, फोनवर दोन बोटं फिरवून पुन्हा प्लगशी ठेवला.

आणि मग पाचवरून दिनेश म्हणाला, "कंट्रोल, पाच. बारा नंबर पास."

बारा चौथ्या खिळ्यावर आलीच नव्हती. विश्वेशनेही ऐकलं, तो फोन कानाआड धरून फळीकडे आला, एका दृष्टिक्षेपात त्याला काय ते समजलं, म्हणजे समजलं असं वाटलं, आणि तो वायरलेसवर दिनेशला इंग्रजीत म्हणाला की नंबर पुन्हा बघ, तुझ्याकडून अकरा गेली. दिनेशने सांगितलं, सर, बाराच होती, निळी. विश्वेशने त्याला ऐकवलं की चारवरून काकांनी अकरा दिलेली आहे, चार आणि पाचच्या मधे ओव्हरटेक होत नाही, धुरळ्यात निळी काय अन् काळी काय, आणि सहा-नऊ विसरू नकोस. वायरलेसवर दोघं-तिघं हसले. लतिकाच्या डोळ्यांपुढे दिनेशचा चेहरा आला, पंचविशीतला, कानाच्या पाळ्या तापलेला. त्याने बघितलेलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. पण ज्यांनी त्याला बघायला शिकवलं ते खाली चारवर बसलेले होते. "असेल, सर," तो म्हणाला. "अकरा असेल."

हे सगळं एवढ्या सहज झालं की तिला ओरडायलाही कुठे फट सापडली नाही. खरं काय झालं ते तिच्यापुढे स्वच्छ मांडलेलं होतं. अकरा तीनच्या पुढे गेली आणि चारला पोचली नाही. चारच्या खालचं वळण, त्याच्या डाव्या हाताला दरी, दरीत साग आणि वाळकं गवत. मागून येणारा बारा नंबरवाला धुरळ्यातून वर बघत चढतो, त्याला खालचं दिसणार नाही. बारा वर आली, वडिलांनी आवाज ऐकला आणि हातात असलेला पुढचा नंबर, अकरा, तो दिला. आता ते प्रत्येक गाडीला एक नंबर मागे राहणार. तसंच झालं. चारवरून बारा आली, पाचवरून दिनेशने तेरा पाहिली असणार, पण तो म्हणाला बारा. शिकला होता. फळीवर सगळं पुन्हा ओळीत आलं, चकत्या आज्ञाधारक मुलांसारख्या एकेका खिळ्यावर. विश्वेश परत फुलांकडे वळला.

शेवटाचा पॉइंट डोंगराच्या पाठीमागे होता. तिथला वायरलेस थेट पोचत नसे, मधल्या टेकडीवरचा एकजण चार-पाच गाड्यांचे नंबर गोळा करून एकदम सांगे. म्हणजे तो सांगेलच. थोड्या वेळात तो सांगेल की दहानंतर एकदम बारा आली. मग अकरा नाही हे सगळ्यांना आपोआप कळेल, लतिकाला कुणाविषयी काही बोलावं लागणार नाही. धुरळा होता, गडबड झाली, मोठ्या माणसाकडूनही होते. संध्याकाळी विश्वेश पाठीवर हात ठेवील, काका, होतं असं. जाकीट खुंटीला लागेल. हा विचार तिने केला, असं म्हणता येणार नाही. तो तिच्या आत आधीपासून करून ठेवलेला होता, ती फक्त त्यावर जाऊन बसली. बसल्यावर मात्र तिला त्याची ऊब लागली नाही. तिच्या बोटांना पत्र्याचा वास येत होता. तिला आठवत होतं की लहानपणी एकदा ताप असताना वडील रात्रभर तिच्या डोळ्यांत बॅटरी टाकून बघत होते, पुन्हा पुन्हा, आणि आई म्हणत होती, अहो झोपू द्या पोरीला, आणि ते म्हणत होते, नीट बघू दे, नीट बघितलं की भीती जाते. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग नाही पाहिलं. मग पाहिलं. एक मोठा काटा काय करू शकतो, असं तिला वाटलं, तो नुसता जातो.

"अकरा कुठवर आलीय हो?" निकिताने विचारलं. प्लगपाशीच उभी होती, हातात बिस्किटाचा पुडा.

लतिका फळीकडे वळली. फळीवर जे होतं ते वाचून दाखवणं हेच तर तिचं काम. "पाच पास झालीय," ती म्हणाली. "व्यवस्थित." शेवटचा शब्द फळीवर नव्हता. तो तिने पदरचा घातला. निकिताने मान हलवली आणि पुडा तिच्यापुढे धरला. लतिकाने एक बिस्किट घेतलं, खाल्लंही. त्याचं पीठ टाळूला चिकटून बसलं.

टेकडीवरचा माणूस वायरलेसवर आला तो गोळा केलेले नंबर घेऊन, बातम्या वाचल्यासारखा: आठ, नऊ, दहा, बारा, तेरा. विश्वेशने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. विश्वेश मराठीत आला. त्याने रस्त्याच्या सुरुवातीच्या टोकाला सांगून गाड्या थांबवल्या, सगळ्या पॉइंटना लाल झेंडे दाखवायला लावले, आणि मग नकाशावर बोट ठेवून, खरोखर चांगल्या अधिकाऱ्यासारखं, एका दमात ठरवलं की अकरा चारवरून गेलेली आहे, पाचवर दिनेशने तिच्या जागी बारा पाहिली होती म्हणजे तोच बरोबर होता, तर गाडी चार आणि पाचच्या मधे कुठेतरी खाली आहे. पाचपाशी उभी असलेली अँब्युलन्स चारच्या दिशेने उलटी खाली सोडा. सगळं बरोबर होतं. फक्त पहिलं वाक्य सोडून. निकिता भिंतीला टेकली नाही, रडली नाही, फोन प्लगमधून काढायला लागली आणि वायर निघेना.

आता काही आपोआप होणार नव्हतं. अँब्युलन्स रिकाम्या रस्त्यावर रिकामी दरी शोधत खाली येईल, प्रत्येक वळणावर थांबेल, माणसं उतरतील, हाका मारतील. आणि चारच्या अलीकडे कुणी हाकही मारणार नाही, कारण तिथे एका माणसाने सगळं पाहिलेलं आहे. लतिकाला तो दिसला: रिकाम्या अंगणात, बंद कुडाच्या दारासमोर खुर्ची, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, समोर डोळ्यांपुढे ठिपक्याएवढा रस्ता. तिने बटण दाबलं. बटण दाबलं की सगळा डोंगर ऐकतो.

"सगळे पॉइंट, कंट्रोल," ती म्हणाली. "पॉइंट चारच्या नोंदी धरू नका. चारवर नंबर दिसत नाहीत. तिथल्या माणसाला दिसत नाही. अकरा नंबर तीन आणि चारच्या मधे आहे. तीनपाशी उभी असलेली रेस्क्यू गाडी वर घ्या."

विश्वेश काय बोलतेस म्हणाला, की नुसतं तोंड उघडून राहिला, ते तिला नंतर आठवलं नाही. खरखर चालू होती. मग बटण दाबल्याचा आवाज, वारा, गवत, आणि तो आवाज, सरळच, पण खूप लांबून आल्यासारखा.

"कंट्रोल, पॉइंट चार. बरोबर आहे ते." मग श्वास. "अकरा खालच्या वळणापर्यंत आली होती. तिचा आवाज तिथे तुटला. मी ऐकला. नंतर झाडं मोडल्यासारखं झालं. मला वाटलं, आता विचारतील, काय दिसलं म्हणून. म्हणून पुढची गाडी आल्यावर अकरा पास म्हटलं." पुन्हा श्वास. "वळणाच्या वरच्या टोकाला डाव्या हाताला उतरा. मी जातो तिथपर्यंत."

"बाबा, जागचे हलू नका," ती म्हणाली. वायरलेसवर नाती नसतात, नंबर असतात, हा त्यांचाच नियम. इतक्या वर्षांत ती त्यांना तिथे कधी बाबा म्हणाली नव्हती. त्यांनी कॉपी म्हटलं नाही.

हॉलमध्ये प्रायोजकांचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. विश्वेशने एकदाच, हळू आवाजात विचारलं, तुला माहीत होतं? आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढून बसला, कारण त्याच्याही फळीवर आता काहीतरी ओळीत येत होतं. निकिता टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिने वायरलेसकडे पाहिलं, लतिकाकडे पाहिलं नाही. लतिका जणू त्याच यंत्राचा एक भाग होती.

रेस्क्यू गाडीत डॉक्टर तेजस्विनी होती. तिचा आवाज आला तेव्हा मागे दगड घरंगळत होते, कुणीतरी दोर, दोर म्हणत होतं. तिने सांगितलं की गाडी सापडली, दरीत दोन सागांना अडून आडवी आहे. अपूर्वा बाहेर आहे, बोलतेय, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, नुसती वळणं सांगतेय. तनय आत आहे. शुद्धीवर येऊन-जाऊन आहे. पाय दाबला गेलाय. अपूर्वाने सीटचा पट्टा कापून मांडीला आवळून बांधलाय, पण कधी बांधला ते तिला सांगता येत नाही. पट्टा सैल करायचा की तसाच ठेवून काढायचा, हे पाय किती वेळ दाबलेला आहे त्यावर आहे.

"कंट्रोल, गाडी कधी पडली? मला नक्की वेळ हवी."

विश्वेशने घड्याळाकडे पाहून बटणाकडे हात नेला. आठ मिनिटं झालीत, तो म्हणाला, आत्ताच तर निरोप आला, फार तर दहा सांग. चुकीचं नव्हतं ते. निरोप आल्यापासून तेवढीच झाली होती. लतिकाने त्याचा हात बाजूला केला. निकिता आता तिच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच, आणि मनातल्या मनात मागे जात होती, बिस्किटाच्या पुड्यापर्यंत, व्यवस्थित या शब्दापर्यंत. डोंगरावर सगळे पॉइंट ऐकत होते. चार ऐकत होता.

"डॉक्टर, कंट्रोल," लतिका म्हणाली. "पंचवीस मिनिटं झाली."

"पंचवीस? विश्वेश सर मघाशी म्हणाले आत्ताच म्हणून. नक्की सांगा, त्यावर पाय आहे त्याचा. अंदाज नकोय मला."

"अंदाज नाही," ती म्हणाली. "तेव्हापासून मी घड्याळच बघत होते."